थोरल्या राजपुत्राची गोष्ट

आमच्या ह्यांच्या अद्भुत कादंबरीचे चार खंड निघाले आहेत. चिलखतातले सरदार मध्ययुगातले, शाप पुराणांतले, आग ओकणारा सर्प कुठल्याशा थंड मुलखाच्या दंतकथेतला. पण मुलाखतीत विचारलं की हे कपाळावर बोट टेकवून म्हणतात, "सगळं इथून." ती जुनी पुस्तकं आमच्या कपाटात आहेत आणि त्यांची धूळ मी झटकते. पण मला कोण विचारतंय.

धाकट्या भावोजींनी पहिलीच कादंबरी लिहिली आणि ती ह्यांच्याच प्रकाशकांनी घेतली. झालं, ह्यांच्या अंगाचा तिळपापड. तिच्यातही ह्यांच्यासारखाच राक्षस, आणि त्याचा जीव दूरच्या बेटावर पोपटात. "माझा पोपट चोरला," अशी ह्यांनी लेखी तक्रार ठोकली. खपणारा लेखक दुखावून प्रकाशकांना चालणार नव्हतं. तक्रार मागे घेतली नाही, तर धाकट्याचं पुस्तक रद्द, असं ते म्हणाले. नोकरी सांभाळून, पहाटे उठून भावोजींनी ते लिहिलं होतं. मला त्यांची दया आली आणि ह्यांची लाज.

भावोजींनी साक्षीला सासूबाईंना आणलं. प्रकाशकांच्या केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो.

"आजी, पोपट नक्की कुणाचा?" प्रकाशकांनी विचारलं.

"माझ्या आईचा. तिला तिच्या आत्याने दिला. ह्या दोघांना घास भरवताना मीच सांगितला."

"पण माझ्या कादंबरीत थोरला राजपुत्र राक्षसाला मारतो," हे उसळून म्हणाले. "समीक्षकांनी मला डोक्यावर घेतलं ते त्यासाठीच. ही कल्पना तरी माझी आहे ना?"

"नाही रे बाळा. खऱ्या गोष्टीत धाकटाच जिंकतो. जुन्या गोष्टींत बहुतेक धाकटाच जिंकतो. हा जन्मला तेव्हा तू जेवणच सोडलंस. मग तुझ्यापुरता मी थोरला जिंकवला."

ह्यांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात विचारलं, "खऱ्या गोष्टीत थोरल्याचं काय होतं?"

"राक्षस त्याचा दगड करतो. शेवटी धाकटा येऊन सोडवतो."

ह्यांची चांगली जिरली म्हणून मला हसू येईल असं वाटलं होतं. उलट आता ह्यांचीच दया आली.

हे भावोजींकडे वळले. "तुझ्या पुस्तकात तो कुठवर दगड असतो?"

"दादा, तू वाचलंच नाहीस?"

"पोपटाच्या पानापर्यंत वाचलं."

प्रकाशकांनी कपाळाला हात लावला.

"दुसऱ्याच प्रकरणात सोडवलाय त्याला," भावोजी म्हणाले. "शेवटपर्यंत ठेवणार होतो. पण त्याच्यावाचून मला पुढे लिहिताच येईना."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"छापा," हे प्रकाशकांना म्हणाले.