तीन नंबरचा ड्राइव्ह

...टेपच्या डबीवरचं चिटोरं एका कोपऱ्यातून सुटलं होतं, आणि सुमिराला सारखं वाटत होतं की नखानं दाबून ते नीट बसवावं — पण डबी टेबलाच्या मधोमध, चहाचे पेले आणि तळलेल्या टोफूची बशी यांच्यामध्ये ठेवली होती, आणि सगळ्यांदेखत तिला हात लावणं म्हणजे... काही नाही. चिटोरं सुटलं होतं, एवढंच.

"या टेपवर नऊ वर्षांची चित्रं होती," पाक सिनागा म्हणाले, "लहान मुलांच्या हृदयांची. दुसरी प्रत नाही. आणि आज काय आहे हिच्यावर? आपल्या लोकांचे रजेचे अर्ज!"

पाक, म्हणजे श्रीयुत, सिनागा हे रुग्णालयाच्या संगणक विभागाचे नवे साहेब. दूर सुमात्रा बेटावरच्या मेदानकडचे, कुजबुजले तरी जिन्यापर्यंत ऐकू जावं असा आवाज. इथे जावातल्या सोलोत येऊन त्यांना चारच महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्यांना इथलं एकच कळलं होतं, की इथली माणसं फार हळू बोलतात.

समोर विनार्सी बसली होती. मांडीवर हात, हातावर हात. ती घाबरली की अशीच बसते, हे मला अकरा वर्षं माहीत आहे... सुमिरानं चहाचा पेला उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

सहा सर्व्हर आणि त्यांची माहिती टेपवर उतरवणारे चार टेप ड्राइव्ह, असा त्यांचा संसार. सर्व्हरना फळांची नावं होती. कुठला ड्राइव्ह कुणी धरलाय, कधीपासून धरलाय, ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. एकानं धरला की बाकीच्यांनी ताटकळायचं. कधीकधी एखादा सर्व्हर मध्येच लटकून पडे आणि ड्राइव्ह उगाच त्याच्या नावावर अडकून राही. मग तो जबरदस्तीनं सोडवावा लागे. पण सोडवण्याआधी ज्याच्या ताब्यात असेल त्या माणसाला विचारायचं. कारण काम खरोखरच चालू असलं आणि मध्येच तोडलं, तर टेप मागे गुंडाळली जाते आणि दुसरा सर्व्हर तिला कोरी समजून पहिल्यापासून लिहीत सुटतो. हा नियम बारा वर्षांपूर्वी सुमिरानंच लिहिला होता, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात.

मंगळवारी सकाळी तीन नंबरचा ड्राइव्ह विनार्सीच्या 'दुकू'नं धरला होता, आणि सुमिराचा 'सालाक' रजेच्या अर्जांची प्रत काढायला दोन तास रांगेत तिष्ठत होता. त्याआधी तासभर साहेब सगळ्यांसमोर, इथल्या रीतीनं 'म्बा' म्हणजे ताई लावून, म्हणाले होते, "म्बा सुमिरा, जरा विनार्सीकडून शिका, बघा तिचं काम कसं वेळेत असतं!" — विनार्सीकडून! जिला टेप हातात कशी धरायची ते मी शिकवलं! दोघीही कराराच्या, आणि वर्षअखेर कायम होणार होती एकच जागा... सगळे हसले होते. विनार्सी हसली नव्हती, मान खाली घातली होती, आणि तेच सुमिराच्या जिव्हारी लागलं होतं. कीव करते काय माझी?

"तुम्ही हिला विचारलं होतं?" साहेबांनी सुमिराकडे वळून विचारलं.

"विचारलं होतं, पाक."

"मग? काय म्हणाली?"

काय म्हणाली... 'तीन नंबर मी घेऊ का गं?' असं मी दारातून विचारलं. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसली आणि म्हणाली, 'इंग्गिह...' — शेवट असा लांबवून, खाली सोडून. सोलोतलं शेंबडं पोरही सांगेल, की 'इंग्गिह' म्हणजे 'जी, हो', पण या लांबवलेल्या 'इंग्गिह'चा अर्थ, ऐकलं बाई तुझं, मोठी आहेस म्हणून नाही म्हणत नाही, पण आत्ता नको. सुमिरानं ते ऐकलं, समजलं. काम चालू असल्याचा ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तोही पाहिला. आणि ड्राइव्ह सोडवायचं बटण दाबलं.

"'इंग्गिह' म्हणाली, पाक."

"म्हणजे हो."

सुमिरानं डबीवरच्या सुटलेल्या चिटोऱ्याकडे नजर वळवली. खोटं तर ती बोललीच नव्हती.

"काय गं, खरं आहे हे? तू हो म्हणालीस?"

विनार्सीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच सुमिराकडे पाहिलं. तिला एवढंच म्हणायचं होतं — म्हटलं, पण तसं नव्हे. पण ते म्हणणं म्हणजे परक्या माणसासमोर, अकरा वर्षं जिला थोरली बहीण मानलं तिला तोंडावर खोटं पाडणं. तिच्या आईनं तिला तसं वाढवलं नव्हतं. सुमिराला ते पक्कं ठाऊक होतं; सगळा डाव तिनं विनार्सीच्या चांगल्या वळणावरच लावला होता.

"इंग्गिह, पाक," विनार्सी म्हणाली.

"झालं! काम चालू असताना हो म्हणाली, कबूल आहे." साहेबांनी वहीत लिहिलं. "तुम्ही सोलोची माणसं ना, गोड बोलून केसानं गळा कापाल! हिचा करार महिनाअखेरीस संपतो ना? नवा करायचा नाही." कुणीतरी दबकं हसलं. सुमिराही हसली. हसू आपोआप आलं, आणि मग आवरेना.

बाहेर पडताना तिनं मनाशी ठरवलं — विनार्सी रडली तर सांगेन. आत्ता उलटपावली जाऊन साहेबांना सांगेन, की त्यांना आमची भाषा कळत नाही, मला मात्र त्या 'इंग्गिह'चा अर्थ कळला होता. शिव्या दिल्या तरी सांगेन. 'सटवे, तू माझं वाटोळं केलंस' एवढं म्हणू दे... खरंच सांगेन. साहेबांचं दार वीस पावलांवर होतं. सुमिरा आपल्या टेबलाशी बसून राहिली, आणि पश्चात्ताप तयार होऊन उभा होता.

दुपारी विनार्सी आली. डोळे कोरडे. हातात टेपच्या कपाटाची यादी. अकरा वर्षं एका डब्यात जेवताना 'म्बा, तू भात घेतलास का', 'म्बा, तू अशी काय गं' म्हणणारी विनार्सी किंचित वाकली, यादी दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाली,

"आपण एकदा पाहून घ्यावी. माझ्याकडून काही राहिलं असेल, तर क्षमा असावी."

आपण! देवळातल्या पायरीवर बोलावं तसं. शब्दात कुठे ओरखडा नाही, आवाजात कंप नाही. आणि जिथे काल मैत्रीण होती तिथे आज स्वच्छ सारवलेलं अंगण. आत यायची सोय नाही.

"बस ना गं जरा," सुमिरा म्हणाली.

"आपल्या कामात व्यत्यय नको," विनार्सी हसून म्हणाली, आणि गेली.

सुमिरा यादीकडे बघत राहिली. एकूण एक आकडा बरोबर होता. तयार उभा असलेला पश्चात्ताप हळूहळू ओसरत गेला, आणि त्याच्या जागी जे वर आलं ते पाहून ती स्वतःच दचकली. निदान एक शिवी द्यायची होतीस! एवढंसुद्धा दिलं नाहीस मला... साहेबांचं दार अजूनही वीस पावलांवर होतं, पण आता तिकडे जाण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. पुन्हा एकदा मंगळवारची सकाळ यावी, असं तिला अगदी मनापासून वाटलं. चूक सुधारायला नाही. या खेपेला विनार्सी किंचाळेपर्यंत बटणावरचं बोट उचलायचं नाही, एवढ्यासाठी.