धुळाचं इंजेक्शन

फोनवर आधी मेंढरांचा गलका आला आणि त्यातून काठ्यांचे आवाज, भरल्या पोत्यावर मारल्यासारखे. मग हरणाबाई बोलली.

"बाई, ह्यास्नी मारत्यात. मरत्याल हे."

आम्रपाली मनोरुग्ण विभागातली सिस्टर. साथ आली तशा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या तिच्या विभागाच्या खोल्या कोरोनाच्या पेशंटना दिल्या गेल्या आणि तिच्या हातात एक मोबाईल आला. पेशंटना आता फोनवरच बघायचं. झोप लागते का, गोळी घेतली का, घरात भांडण होतंय का, एवढं ती विचारायची. बऱ्याच जणांचं त्यावर भागलंही. पण इंजेक्शन काही फोनमधून देता येत नव्हतं.

हरणाबाईचा नवरा धुळा हा कवठे महांकाळच्या पलीकडच्या वाडीतला मेंढपाळ. त्याला कानात माणसं बोललेली ऐकू येत. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन मिळालं की तो आवाज गप्प बसायचा आणि धुळा चारचौघांसारखा मेंढरं राखायचा. एसटी बंद झाली, इंजेक्शनं चुकली. आम्रपालीनं पाठवलेल्या गोळ्या त्यानं थुंकून टाकल्या. गेल्या आठवड्यात तो तिला फोनवर म्हणाला होता, "तोंड बांधून फिरत्यात ती चोरं हायत बाई. मेंढरं न्यायला आल्यात." तिनं त्याच दिवशी गाडी मागितली. सगळ्या गाड्या पेशंट आणण्यात अडकलेल्या होत्या.

आज त्याचा थोरला भाऊ बाळासो तोंडाला टॉवेल गुंडाळून मेंढरं कोंडायच्या जाळीत शिरला आणि धुळानं त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली.

"हरणाबाई, फोन त्या माणसांकडं धरा," आम्रपाली म्हणाली, आणि मग जोरानं, "मी दवाखान्यातली सिस्टर बोलते. तो आजारी आहे. त्याला बांधून ठेवायचं तर ठेवा, पण मारू नका. मी निघालेय."

"तुमचा येडा तुमी घिऊन जावा," एका पुरुषाचा आवाज आला. "तवर आमी हाय." पुन्हा काठी बसली. धुळा ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा निघाली. मग फोनच बंद झाला.

आम्रपाली खाली धावली. घशाचे नमुने नेणारी गाडी उभी होती. ड्रायव्हर धनाजीला तिनं सांगितलं आणि कुणाला न विचारता त्यानं गाडी काढली. डॉक्टरांना तिनं वाटेतून कळवलं.

वाडीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. धनाजीनं त्या ओढून बाजूला केल्या. लिंबाच्या झाडाला धुळा दाव्यानं बांधलेला होता. एक कान फाटून लोंबत होता, ओठ फुटले होते, पुढचे दात पडले होते. हरणाबाई त्याच्या पायांवर आडवी पडली होती; तिनं मधे घातलेला हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता. बाळासो जरा लांब बसला होता. खांद्याला बांधलेलं लुगडं रक्तानं काळं पडलं होतं. काठ्या घेतलेली माणसं अजून तिथंच होती.

आम्रपाली पांढऱ्या पीपीई कीटमध्ये पुढं गेली. तिला बघताच धुळा डोकं मागं खोडावर आपटू लागला. एकदा, दोनदा, कवटीचा आवाज येईपर्यंत. तिनं टोपी काढली, मास्क काढला.

"धुळाभाऊ, मी आम्रपाली."

त्यानं तिच्या तोंडावर रक्त थुंकलं आणि पुन्हा डोकं आपटलं.

"सरा बाई, आमी धरतो," काठीवाल्यांतला जयराज म्हणाला. फोनवरचा आवाज त्याचाच होता.

"तू हात लावायचा न्हाईस," हरणाबाई उठत म्हणाली. "तुमी कुणीबी न्हाई."

तेव्हा बाळासो उठला. चालताना तो एका अंगाला झुकत होता. त्यानं धड असलेल्या हातानं धुळाचं डोकं आपल्या छातीशी दाबलं, खोडापासून सोडवलं. धुळानं त्याच्या जखमेच्या बाजूलाच उरलेले दात रोवले. बाळासोचे डोळे पांढरे झाले, पण हात सुटला नाही. "द्या बाई," तो म्हणाला, "बिगी बिगी द्या." हरणाबाई धुळाच्या मांडीवर बसली. आम्रपालीनं सुई घातली, तोच धुळाचा सुटलेला पाय तिच्या पोटात बसला. ती मातीत पडली. उठून तिनं बघितलं. औषध आत गेलं होतं.

दोघा भावांना एकाच गाडीतून नेलं. बाळासोचा खांदा शिवला. हात मात्र वर उचलेनासा झाला. या प्रकारानंतर आठवड्यातून एक गाडी आम्रपालीला मिळू लागली. कवठे महांकाळ, जत, जिथं जिथं इंजेक्शनवरची माणसं अडकली होती तिथं ती जायची. बाकीच्यांना फोन चालूच होता.

पाऊस सरता सरता ती वाडीत आली तेव्हा धुळा जाळी बांधत होता. तो शांत होता. आधी त्यानं दंड पुढं केला, सुई निघाल्यावर विचारलं, "बाई, दादाचा हात मीच तोडला न्हवं?"

घरात सगळे त्याला म्हणत होते, दादा दरडीवरनं पडला, तूबी पडलास. आम्रपालीनं हरणाबाईकडं बघितलं आणि म्हणाली, "हो. तुम्ही आजारी होता."

"मग मला गावानं मारलं ते बरं केलं. न्हायतर दादा गेला असता."

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "भावजी खाली पडलं तवाच तुमी कुऱ्हाड टाकून दिली व्हती. हात जोडून बसला व्हता. जयराज आन् बाकीची मागनं आली. बसलेल्या माणसाला मारलं त्यांनी."

धुळानं जिभेनं पडलेल्या दातांची जागा चाचपली.

"मला पोलीस ठाण्यात जायाचंय बाई," हरणाबाई म्हणाली. "तुमच्या गाडीत न्याल?"

"नेते. पण साक्षीला कुणी आहे?"

बाळासो भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवसापासून तो भावाशी बोलला नव्हता. आपल्या पोरांनाही त्याच्या जवळ जाऊ देत नव्हता. आताही त्यानं धुळाकडं बघितलं नाही.

"मी हाय," तो म्हणाला. "पडल्या पडल्या समदं बगितलंय मी."

त्याला पायताण घालताना एका हातानं जमेना. धुळा खाली वाकला, त्याच्या टाचेवर वादी चढवली. बाळासोनं पाय मागं घेतला नाही. मग बाळासो आणि हरणाबाई गाडीत चढले. धनाजीनं गाडी सुरू केली आणि आधी पुढच्या गावचं इंजेक्शन करून मग ठाण्याकडं वळायचं ठरलं.