मापवालीचं माप

चित्रकाराने एक गोष्ट बावीस वर्षं साऱ्या जगापासून लपवली होती, आणि त्याच्या बायकोने एक गोष्ट चित्रकारापासून. ज्या भयकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांनी त्याचं नाव झालं होतं, त्यातली एकही त्याने वाचलेली नव्हती. छापील अक्षरं दिसली की दुसऱ्याच पानावर त्याची मान पुढे पडायची. त्यामुळे लेखकाचं हस्तलिखित आलं की ते बायको वाचायची. खिडकीशी शिलाई मशीन मांडून ती लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची, आणि तोंडातल्या टाचण्या काढून ठेवून त्याला कथा सांगायची. तो पलीकडे बसून ऐकायचा आणि काढायचा.

बायकोची गोष्ट जरा जास्त जड होती. कथा सांगताना ती पदरचं घालायची.

याची सुरुवात अगदी साधेपणाने झाली. लेखक दूरच्या गावी राहायचा, कुणाला भेटायचा नाही, आणि वर्षातून एकदा पुस्तक काढून लाखभर वाचकांची झोप उडवायचा. दारं कशी वाजतात, जिन्यावर पाऊल कसं थबकतं, ते त्याने लिहावं. पण माणूस दिसतो कसा म्हटलं, की गड्याची लेखणी अडायची. पहिल्या हस्तलिखितात त्याने नुसतं लिहिलं होतं, "दारात एक भयंकर बाई उभी होती."

"भयंकर म्हणजे कशी?" चित्रकाराने विचारलं.

बायकोच्या गळ्यात नेहमीप्रमाणे टेप होती. ती म्हणाली, "गळ्यात टेप आहे तिच्या. बोलत नाही काही. येते आणि माप घेते."

चित्रकाराने तसं काढलं. महिन्याभराने लेखकाचं पत्र आलं, तेही वाचलं तिनेच. "ती टेप तुम्हाला सुचली कशी? माझ्या डोक्यातही नव्हती. पुढच्या पुस्तकात घेतोय." पण तिने पत्र मोठ्याने वाचलं ते असं, "चित्र फार आवडलं. कळावे."

त्यानंतरच्या पुस्तकात एक मास्तर आला. त्याच्या कोटाची बटणं तिने एका काजाने चुकवली. मग एक लहान मुलगी आली, तिच्या झग्याची शिवण तिने उसवली आणि मागे लांबलचक दोरा सोडला. लेखक प्रत्येक वेळी चित्र बघायचा, खूश व्हायचा आणि ते पुढच्या पुस्तकात उचलायचा. बघता बघता मापवाली, मास्तर आणि दोऱ्याची मुलगी घराघरांत जाऊन बसली. आया मुलांना म्हणू लागल्या, झोप, नाहीतर मापवाली येईल. ते ऐकून ही बाई मशीनवर वाकून एकटीच हसायची. नवऱ्याला सांगावं असं तिला कितीदा वाटलं. पण जे पहिल्या दिवशी सांगितलं नाही ते दहाव्या वर्षी सांगणं किती अवघड, हे संसार केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि मग मापवालीचं शेवटचं हस्तलिखित आलं. त्यात गोदामाला आग लागून मापवाली जळून मेली होती.

बायकोने कागद आपटले. "बावीस वर्षं जगलेली बाई, आणि मरते कशाने? शॉर्टसर्किटने?"

"अगं, पण गोष्ट त्याची आहे," चित्रकार म्हणाला. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिने पुढची कथा सांगायचं नाकारलं, आणि ईझलवरचा कागद आठवडाभर कोरा राहिला. आपण घडवलेली बाई कोणीतरी आगीत लोटणार, आणि आपल्याला ब्रही काढता येणार नाही, या विचाराने तिचं शिवण वाकडं जाऊ लागलं.

आठव्या दिवशी भरदुपारी दाराची घंटा वाजली. दारात एक बुटका गृहस्थ उभा होता. नाक लाल, हातात रुमाल, आणि पॅन्टच्या डाव्या पायाची शिवण उसवून दोरा जमिनीला लागलेला. ज्याच्या नावाने लोक दिवा चालू ठेवून झोपत, तो हा.

"वहिनी, आहेत का ते?" लेखक शिंकून म्हणाला. "माझं सगळं अडलंय."

तो आत येऊन चित्रकारासमोर स्टुलावर बसला आणि त्याने हातच जोडले. "ती आग मी फाडून टाकली. मलाच हसू आलं. या वेळी उलटं करू या. आधी तुम्ही काढा, मग मी लिहितो. तशीही टेप तुमची, मास्तराची बटणं तुमची, तो दोरा तुमचा. माझ्या पुस्तकांत लोकांना जे जे आठवतं, ते सगळं तुमच्या डोक्यातून आलंय. शेवटही तुम्हीच द्या."

चित्रकार त्याच्याकडे बघतच राहिला. "टेप तुमच्या कथेत नव्हती?"

"कुठली? मी फक्त बाई लिहिली होती."

"आणि बटणं?"

"तीही नाही."

चित्रकाराची मान हळूहळू खिडकीकडे वळली. तिथे बायको बसली होती, गळ्यात टेप, तोंडात तीन टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी उसवलेला कोट. पाठोपाठ लेखकाचीही मान वळली. टेप, बटणं, दोरा. तिन्ही गोष्टी तिच्यापाशी आपापल्या जागी होत्या. सांगायला काही उरलंच नव्हतं.

तिने टाचण्या काढल्या. "वाचताना मला जे दिसायचं ते मी सांगत गेले," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही पत्रात विचारलंत तेव्हा मी घाबरले. तेवढी ओळ मी गाळली."

चित्रकार ब्रश उचलून पुसू लागला, जो कोरडाच होता. त्याचं तोंड उतरलं होतं. बावीस वर्षं त्याला लोकांनी प्रतिभावंत म्हटलं होतं, आणि तिने एका दुपारी ते काढून घेतलं होतं. तिला वाटलं, त्यापेक्षा जळाली असती मापवाली तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझीच माणसं काढतोय," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि मला वाटायचं, हा माणूस लिहितो काय सुंदर!" तो म्हणाला, आणि त्याला एकदम हसू फुटलं. आधी ओठांवर, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लेखकसाहेब, तुम्ही चुकीच्या माणसापुढे हात जोडलेत. स्टूल तिकडे फिरवा."

लेखकाने स्टूल फिरवलं.

आता मागे फिरणं नव्हतं. तिने गळ्यातली टेप काढून हातात धरली. "हिचा पहिला इंच गेलाय. पत्र्याचं टोक निखळलं, मग पुढचंही तुटलं. मी मनातल्या मनात एक वजा करते. मापवालीला हे कुणी शिकवलंच नाही."

लेखकाने रुमाल खाली ठेवला.

"ती माप घेते, करडा कपडा शिवते आणि त्या माणसाच्या अंगावर चढवते. ज्याला तो बरोबर बसला, तो गेला. पण तिचा प्रत्येक कपडा एक इंच सैल असतो. तुमच्या पुस्तकांत जे वाचले ना, ते त्या एका इंचातून निसटले."

"आणि जे गेले?"

"ते घाबरले. माणूस घाबरला की छाती भरून श्वास घेतो, आणि मग तो इंच भरतो."

लेखक छातीभर श्वास घेऊन बसला होता, तो त्याने घाईघाईने सोडला. दोन्ही पाय त्याने स्टुलाच्या दांडीवर वर घेतले होते. उसवलेल्या पॅन्टचा दोरा फरशीवर पडला होता, त्याच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि तोही वर ओढून घेतला. ते बघून तिचा आवाज मोकळा झाला.

"शेवटी एक शिवणकाम करणारी मुलगी उरते. मापवाली दारात येते. मुलगी बघते, टेप तुटलीय. पेटीतून नवी कोरी टेप काढते आणि म्हणते, ही देते तुला. पण पहिलं माप तुझं."

"बाप रे," लेखक पुटपुटला.

"आजवर मापवालीचं माप कुणी घेतलेलंच नाही. ती दोन्ही हात बाजूला करून सरळ उभी राहते, गिऱ्हाईक राहतं तशी. मुलगी खांदा घेते, छाती घेते, उंची घेते. कपडा शिवते. तो तिला बरोबर बसतो, सुताइतकाही सैल नाही. नियम तिचाच आहे. ज्याला बसला, तो गेला. ती बाह्यांवरून हात फिरवते, पहिल्यांदाच हसते, आणि जाते. खाली जुनी टेप तेवढी राहते."

लेखकाने नाक पुसलं, आणि ते या वेळी सर्दीमुळे नव्हतं. चित्रकार उठला, कोरा कागद नीट केला आणि बायकोला म्हणाला, "जा, दारात उभी राहा. बावीस वर्षं तिचा चेहरा अंधारात ठेवलाय मी. कसा असेल ते कळतच नव्हतं."

पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर मापवाली पहिल्यांदा उजेडात उभी होती, आणि लेखकाच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, बायकोचं नाव होतं. प्रकाशनाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. लेखकाने व्यासपीठावर जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्टुलावर पाय घेतल्याचंसुद्धा. मग त्याने तिला वर बोलावलं, आणि मापवालीसारख्या टेपा गळ्यात घातलेले शेकडो लोक एकदम उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत चित्रकार सगळ्यांत मोठ्याने वाजवत होता. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

नंतर सहीसाठी रांग लागली. पाचव्या नंबरला एक उंच तरुण मास्तराच्या वेशात आला, कोटाची बटणं एका काजाने चुकलेली. त्याने पुस्तक पुढे केलं. तिचा हात सवयीने पेनाऐवजी कोटाकडे गेला, आणि तिने भराभर बटणं काढून नीट लावायला घेतली.

"अहो काकू, राहू द्या," तो हसत म्हणाला. "ती मुद्दाम चुकवलीयेत!"

"माहितीये मला," ती शेवटचं बटण लावत म्हणाली. "मीच चुकवली होती."