चाकाखालचं पाचट

मित्रांनो, हसू नका, पण एके काळी मी पांढरीशुभ्र मोटार होते. आज नेवाशाच्या अलीकडे भिमाजीच्या वस्तीवर, गोठ्यामागं जो काळाठिक्कर सांगाडा उभा आहे ना, ती मीच. येणारा-जाणारा विचारतो, ही गाडी जळाली कशी? भिमाजी जे सांगतो ते अर्धंच आहे. उरलेलं मी सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो वस्तीवरचा पहिला दिवस. भिमाजीच्या आईनं, झुंबरबाईनं, माझ्या चाकांवर पाणी घातलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि म्हणाली, "बया, किती गोरी हाय ही!" मी अशी फुगले म्हणता! तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर चारचाकी म्हणजे मीच एकटी. मी अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या, नवरदेव मिरवले, शेवगावच्या बाजारातून शेळ्यासुद्धा आणल्या. शेळ्यांनी माझ्या सीटवर काय केलं ते सांगत नाही. पण भिमाजी मला रोज पुसायचा. कुठं खुट्ट वाजलं तरी लगेच बोनेट उघडून बघायचा.

पुढं त्यानं मोटारसायकल घेतली आणि माझे दिवस फिरले. महिनोन्‌महिने मी जागची हलत नव्हते. टपावर कोंबड्या बसायच्या. सायलेन्सरला भोक पडलं. डावीकडचं मागचं दार बाहेरून उघडेनासं झालं, आतून कडी ओढली तरच उघडायचं. त्याची काचही खाली होईना. भिमाजीची बायको सुकन्या सारखी आठवण करायची, "अहो, तेवढं दार नीट करून आणा की."

"आणू की. दार काय पळून चाललंय व्हय?" हे भिमाजीचं ठरलेलं उत्तर. मला राग यायचा, पण गाडीच्या रागाला विचारतंय कोण?

मागच्या थंडीत झुंबरबाई ओसरीवर घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. टाके काढायला तिला नेवाशाला न्यायचं होतं, आणि त्या पायावर जराही भार द्यायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मोटारसायकलवर कशी नेणार? मग आली माझी आठवण! सकाळी दोघांनी म्हातारीला उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. पाय लांब सोडलेले, पाठ डाव्या दाराला टेकलेली. गारठा होता म्हणून सुकन्यानं तिला घोंगडीत गुंडाळलं आणि सगळ्या काचा लावून घेतल्या.

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत वाट काळ्या रानातून जाते. कालव्याला पाणी सुटलं होतं. शेजारचा काकासाहेब रात्रभर गव्हाला पाणी देत बसलेला. पहाटे शेकोटीपुढं त्याचा डोळा लागला, पाट फुटला आणि सगळं पाणी वाटेवर आलं. काळी माती भिजल्यावर कुणाचं ऐकते का? माझी मागची चाकं आत गेली ती गेलीच. पोट चिखलाला टेकलं.

काकासाहेब खोरं घेऊन धावत आला. पार ओशाळला होता बिचारा. "माझ्यापायीच झालं रं, भिमा. थांब, काढू आपण." त्यानं चिखल उपसला, सुकन्यानं मागून जोर लावला, पण मी काही हलेना. मग त्याला पाचट सुचलं. ऊस तुटला की रानभर वाळलेला पाला पडून राहतो, तेच ते पाचट. आमच्याकडं उसाची ट्रॉली रुतली की चाकाखाली पाचटच घालतात. ट्रॉलीचं ठीक आहे हो, तिच्या पोटाखाली तापण्यासारखं काही नसतं. माझा सायलेन्सर मात्र तापून लाल व्हायला आला होता, वर त्याला भोक. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. काकासाहेबानं शेजारच्या रानातून भारेच्या भारे आणले आणि माझ्या खाली कोंबले.

भिमाजीनं जोर दिला. चाकं जागीच गरगर फिरली. मी बंद पडले. घाबरून पडले म्हणा, मला दुसरं येतंय काय? त्यानं पुन्हा चावी फिरवली, मी पुन्हा बंद पडले.

"आज दहाला डॉक्टरनं बोलावलंय, आन आजच मेली अडून बसली!" तो करवादला. तिसऱ्यांदा मात्र माझा नाइलाज झाला, सुरू व्हावंच लागलं.

तेवढ्यात मागून झुंबरबाई म्हणाली, "भिमा, करपल्यावानी वास येतोय रं."

"टायर घासत्यात. तू गप बस, आई."

"आरं, पायाखालनं झळ लागतीय मला."

"तुला काय कळतंय गाडीतलं? गप बस म्हनलं ना!" आणि त्यानं आणखी जोर दिला.

म्हातारी गप्प बसली. माझ्या पोटाखाली पाचटानं पेट घेतला होता.

"धूर! अहो, खाली उतरा!" सुकन्या किंचाळली. भिमाजी उडी मारून बाहेर आला तोवर उजवीकडच्या दाराला ज्वाळा लागल्या होत्या. तिकडून किंवा पुढून आत जाणं शक्यच नव्हतं. तो डावीकडं धावला, मागचं दार ओढलं, लाथा घातल्या. दार कुठलं उघडतंय! माझ्या टाकीत पेट्रोल होतं, मित्रांनो. आणि मला स्वतःचं दार उघडता येत नाही.

"आत्या, कडी वढा! तुमच्या पाठीमागं हाय!" सुकन्या ओरडत होती. आत नुसता धूर. झुंबरबाईचा हात काचेवर चाचपडत होता. तो खाली घसरला तसा भिमाजी लहान पोरासारखा "आई, आई" करत रडू लागला. काकासाहेबानं मात्र खोऱ्याच्या दांड्यानं काच फोडली. सुकन्यानं त्या काचांतून हात घालून कडी ओढली आणि तिघांनी म्हातारीला ओढत गव्हात नेलं. मग मी भडकले. त्याचं वर्णन नको.

झुंबरबाई वाचली. पण ओढाओढीत जोडलेलं हाड सरकलं. दुसरं ऑपरेशन झालं, तरी आता ती आधाराशिवाय उठत नाही. सुकन्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत टाक्यांचे व्रण आहेत. भिमाजी भेटेल त्याला सांगू लागला, "गाडीच दळभद्री. तिनंच घात केला." मला फार लागलं ते. चूक माझीही असेल, मी जुनी होते. पण घात मी केला नाही.

परवा भंगारवाला मला बघायला आला. झुंबरबाई जवळच उन्हाला खुर्चीवर बसली होती. भिमाजीनं त्याच्यापुढं पुन्हा तीच टकळी लावली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिमा, तिला कशापायी बोल लावतोस? ती दोन बारी बंद पडली हुती."

"आई, गाडीला काय कळतंय?"

"न्हाई कळत. तिला त्वांड बी न्हाई. पर मला हुतं ना रं, लेकरा?"

भंगारवाल्यासमोरच भिमाजी आईच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण "जाऊ दे" असं काही ती म्हणाली नाही.

मित्रांनो, उद्या मला तोडायला नेतील. जाता जाता सांगते. आमचं तेलपाणी बघा, बिघडलेलं दार त्याच आठवड्यात नीट करा, तापलेल्या गाडीखाली वाळकं काही घालू नका. एवढं केलंत तरी माझ्यासारख्या कितीतरी वाचतील. आणि मागच्या सीटवरून एखादी म्हातारी म्हणाली, "वास येतोय," तर तिला गप्प करू नका. चावी काढा, आधी तिला खाली उतरवा आणि मग वाकून बघा.