भिंतीवरची धाकटी

धाकट्या बहिणीशी अबोला धरल्यापासून थोरलीने रस्त्याकडची खिडकी उघडली नव्हती. पण खिडकीच्या फळीला एक भोक होतं आणि त्यातून दुपारी समोरचं धाकटीचं घर भिंतीवर उलटं उमटायचं. आज त्या उलट्या पायरीवर धाकटी येऊन बसली. मोठ्या दुखण्यातून उठली होती म्हणे. किती खंगली असेल? चेहरा काही दिसेना.

थोरलीने भोकावर काळा कागद लावून त्याला सुईने छिद्र पाडलं. चित्र अंधुक झालं, पण रेखीव. शालीचा काठसुद्धा कळू लागला. तिला हाव सुटली. दुसऱ्या कागदाला तिने सुईचं नुसतं टोक टेकवून आणखी बारीक छिद्र पाडलं, तर चित्र पुन्हा विरघळलं.

तिचा नवरा फोटोग्राफर होता. तो म्हणायचा, "अगं, छिद्र फार बारीक केलंस की उजेडसुद्धा फाटे फोडतो, तुझ्या माहेरच्यांसारखा!"

भिंतीवर याहून जास्त दिसणार नव्हतं. थोरलीने कडी काढून खिडकी उघडली.

कागदांच्या खटाटोपात वेळ गेला होता. पायरी रिकामी होती, दार लागलेलं होतं. तरी तिने खिडकी लावली नाही. तिथेच खुर्ची ओढून ती बसून राहिली.