कोऱ्या कागदांची तीन वर्षं

मित्रांनो, डोंगरावरच्या हवामान केंद्राच्या गच्चीवर एक पोचे आलेली पत्र्याची पेटी दिसली, तर तिला अडगळ समजू नका. ती मी, जुनी काजळीमापक पेटी. माझं काम साधं आहे. हवा ओढायची आणि पांढऱ्या कागदातून गाळायची. हवेतली काजळी कागदावर अडकते आणि गोल काळा ठिपका उमटतो. तो कागद मुख्य ऑफिसात जातो. तिथे त्यातून उजेड सोडतात. उजेड जितका कमी पार होईल, तितकी काजळी जास्त.

मला घडवणारा फिटर चार दिवस माझ्यावर खपला. शेवटी त्याने माझ्या नळीत फुंकर मारली, कान लावला आणि म्हणाला, "कुठेही फट नाही. ही खोटं बोलायची नाही." एवढं कौतुक मला नंतर कोणी केलं नाही.

इथे माझी देखभाल टापटीपमामांकडे होती. हे केंद्राचे शिपाई. माणूस असा, की टेबलावरची पेन्सिलसुद्धा काटकोनात ठेवणार. दर सोमवारी ते माझा कागद बदलत, ठिपका बघून नाक मुरडत आणि लिफाफा बंद करून रवाना करत. ऑफिसातून उत्तर यायचं : हवा अत्यंत स्वच्छ. मला नवल वाटायचं. माझी छाती तर रोज भरून येत होती.

मग निरीक्षक ताई आल्या. त्यांच्या वडिलांची खाली दरीत पाणचक्की होती. वरच्या उतारावरचं बर्फ वितळून येणारा ओढा ती चक्की फिरवायचा. पूर्वी उन्हाळाभर पुरणारं पाणी आता दोन महिने आधीच आटत होतं. बर्फ इतक्या लवकर का जातं, हे शोधलं नाही तर चक्की बंद पडणार, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

नवा कागद घ्यायला त्यांनी माझ्यासमोरच्या खोलीतलं कपाट उघडलं. प्रत्येक फळीवर बरण्यांखाली माझे कागद अंथरलेले होते, काळी बाजू खाली करून.

"मामा, हे काय?"

"खराब झालेले कागद, ताई. असले मळके पाठवले तर ऑफिसात काय म्हणतील? शिपाई नुसता झोपा काढतो म्हणतील. मी दर वेळी कोरा करकरीत पाठवत होतो."

"तीन वर्षं?"

"एकही सोमवार चुकवला नाही," मामा अभिमानाने म्हणाले.

ताई एकेक कागद उलटून बघू लागल्या. माझ्या पंख्याचं तर पातंच अडकलं. तीन वर्षं मी जे काही जमवलं, त्यावर बरण्या ठेवल्या होत्या. नशीब एवढंच, की तारीख नसलेला कागद मामांना बघवत नसे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख होती.

दुसऱ्या दिवशी ताईंचे वडील मामांसाठी पिठाची पिशवी घेऊन वर आले. "तुमच्या ऑफिसात हवा स्वच्छ आणि माझा ओढा कोरडा. बरं चाललंय," ते हसून म्हणाले.

ताईंनी एक कोरा आणि एक काळा कागद उन्हात, उरल्यासुरल्या बर्फावर ठेवला. दुपारपर्यंत कोरा होता तिथेच होता. काळा बोटभर खाली रुतला होता.

"पांढरं बर्फ ऊन परत पाठवतं, बाबा. काजळी ते गिळते आणि तापते. आकाशात असली तर हवा तापवते, बर्फावर पडली तर बर्फ."

"एवढी काजळी आणली कुणी?"

ताईंनी कागद तारखेप्रमाणे मांडले. दरीतल्या भट्ट्यांमुळे, ट्रकांमुळे सगळेच कागद करडे होते. पण दर वर्षी एका आठवड्यापासून ते एकदम काळे पडत. वडिलांनी त्या तारखा वाचल्या आणि खाली ठेवलेली पिशवी उगाचच हातात घेतली. पाणी कमी पडलं की त्याच आठवड्यात ते डिझेलचं इंजिन सुरू करत. त्यांचं बघून खालच्या अकरा चक्क्यांनीही इंजिनं बसवली होती. पाणी आटलं म्हणून धूर, धुराने बर्फ जास्त वितळलं म्हणून पुढच्या वर्षी पाणी आणखी लवकर आटलेलं.

मामा कागदांच्या कडा सरळ करत राहिले.

"यात माझं किती?" वडिलांनी विचारलं.

"ठिपक्यावर नाव नसतं, बाबा. पण काजळी हवेत फार टिकत नाही. आठ-पंधरा दिवसांत खाली बसते. आज थांबवली, तर याच हंगामात कागदावर फरक दिसेल."

"इंजिन बंद केलं तर लोक दळायला जातील कुठे? वीज मागावी लागेल. बाराही जणांच्या सह्या लागतील." त्यांनी टेबलावरचा सगळ्यात काळा कागद उचलला. "मामा, हा मी नेतो. त्यांना कोरा दाखवून चालायचं नाही."

"घडी घालू नका, फाटेल," मामा हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी म्हातारी पेटी. धूर थांबवणं माझ्या हातात नाही, तो दाखवणं आहे. तुमच्याकडेही असं मोजणारं काही असेल, तर त्याची नळी साफ ठेवा, त्याचं म्हणणं मात्र पुसू नका. ताईंचे वडील तो कागद दोन्ही हातांत सपाट धरून उतार उतरत गेले. पहिली चक्की त्यांच्या सख्ख्या भावाची होती.