एकाच दगडाचे दोन आकडे

दगडबाईंनी यंत्राची रबरी नळी काढली, फुंकून पाहिली आणि पुन्हा घट्ट बसवली. नळीत काही अडकलेलं नव्हतं. वाळूच्या दगडाचा तो अंगठ्याएवढा तुकडा खोबणीत ठेवून त्यांनी परत दाब वाढवला, आणि तिसऱ्यांदा आकडा तोच आला. नऊ.

पहिल्या तुकड्याचा आकडा होता एकशे ऐंशी. दोन्ही तुकडे जमिनीखालच्या एकाच थरातले, एकाच लांब दगडी कांडीतून बोटभर अंतरावर कापलेले. तेल मावायला पोकळी दोन्हींत सारखीच. ते तेल दगडातून वाहत विहिरीपर्यंत येईल का, एवढाच प्रश्न होता; आणि त्यावर एक तुकडा म्हणत होता धो धो, दुसरा म्हणत होता थेंब थेंब. सव्वीस वर्षं दगड तपासून ज्यांना सगळे कौतुकानं दगडबाई म्हणत, त्या बाईंचं डोकं पार चक्रावलं.

साहेबांना पाचपर्यंत आकडा हवा होता. दुसरी विहीर खोदायची की नाही, हे उद्या सकाळी त्यावर ठरणार होतं. ते दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही आकडे ऐकले, कपाळाला हात लावला आणि सरासरी काढून मोकळ्या व्हा, असा सल्ला दिला. सरासरीतून तेल येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण साहेब झाल्यावर माणसाला बऱ्याच गोष्टी विसराव्या लागतात.

बाईंनी पहिल्यापासून उजळणी केली. यंत्र ठीक, दाबमापक ठीक. तुकड्यांवरच्या खुणांची अदलाबदल झालेली नाही. मग घोळ कुठे? फरक म्हणाल तर एवढाच, की पहिला तुकडा नेहमीसारखा रात्रभर ओव्हनमध्ये सुकला होता. दुसऱ्याच्या वेळी ओव्हनचा पंखा अडकला, म्हणून तो ज्या मिठाच्या पाण्यात जपून ठेवला होता, त्यातून काढून ओलाच यंत्रात घातला. पण सुकवल्यानं दगडाचं काय बिघडतं? काही नाही, असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

दुपारी त्यांनी दोन्हींच्या कपच्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली घातल्या; ओल्याची कपची आधी झटकन गोठवून. तिच्यात वाळूच्या कणांमधल्या वाटा मातीच्या केसांसारख्या बारीक तंतूंनी गच्च भरल्या होत्या. ओव्हनमधल्या दगडात तेच केस, तेल लावून चापूनचोपून बसवावेत तसे कणांना चिकटले होते आणि वाटा मोकळ्या झाल्या होत्या. जमिनीखाली दगड सुकवायला कोण बसलंय? तिथला खरा आकडा नऊ. एकशे ऐंशी हा ओव्हनचा प्रताप होता.

कोडं सुटल्याचा आनंद बाईंना क्षणभरही लाभला नाही. त्यांनी कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढली. याच थरातल्या एका विहिरीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रात्रभर ओव्हन, आकडा दोनशे दहा, दगड उत्तम. ती विहीर नुसती ठिबकत राहिली आणि बंद करावी लागली. चौकशी समितीनं खापर फोडलं ते ड्रिलिंग इंजिनिअरवर. खोदताना विहिरीत जो चिखल सोडतात, ज्याला ते लोक मड म्हणतात, तो त्यानं फार जड ठेवला आणि चांगल्या दगडाची तोंडं बुजवली, असं ठरलं. दगडात खोट नाही, असं बाईंनी समितीपुढे छातीठोक सांगितलं होतं. इंजिनिअरनं राजीनामा दिला. तो इंजिनिअर म्हणजे त्यांचा नवरा. हल्ली तो तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवायचा आणि या कचेरीच्या रस्त्यानंही जात नसे.

जुनं उकरून काढावं की नव्यापुरतं बोलावं, हेच बाईंना कळेना. विसरलेल्या चहावर साय धरली तेव्हा कुठे त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला आणि नऊ लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: जुन्या विहिरीचा दोनशे दहा हा आकडाही चुकीचा धरावा, चूक माझी आहे. सही करून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन नवऱ्याला फोन लावला.

मागे ग्राइंडरची घरघर चालू होती. बाईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता घरघर लांब गेली. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"म्हणजे माझ्या मडनं नाही बुजला?"

"नाही रे. तो मुळातच तसा होता."

बाई त्याच्या रागाची वाट पाहत राहिल्या. तो रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मी आधी भांडलो होतो, आठवतं?" तो म्हणाला. "मग तू समितीपुढे बोललीस. म्हटलं, ही म्हणतेय म्हणजे माझंच चुकलं असणार. तेव्हापासून तेच धरून बसलोय."

बाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही.

"ती ओली कपची आहे अजून मायक्रोस्कोपखाली?" त्यानं विचारलं.

"आहे."

"गेटवर माझं नाव देऊन ठेव. पाचपर्यंत पोचतो."

बाईंनी डोळे पुसले आणि पाहुण्यांचा पास भरायला घेतला. त्याचं नाव लिहिलं. कोणाला भेटायचं, तिथे स्वतःचं लिहिलं. पुढे भेटीचं कारण विचारलं होतं. तिथे पेन टेकवून त्या थोडा वेळ बसल्या, आणि मग त्यांनी लिहिलं: दगड पाहणे.